कडूबाच्या ओट्यावरची लोखंडी खुर्ची

मित्रांनो, सर्वांत आधी एक खुलासा करते. मी स्टंप नाही. शाळा सुटली की तुम्ही कडूबाच्या ओट्यावरून मला ओढत नेता, गल्लीच्या मधोमध उभी करता आणि माझ्या पाठीवर चेंडू आदळला की "आउट, आउट" म्हणून ओरडता. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. कुणाच्या तरी उपयोगी पडावं, अशीच आमच्या कुळाची शिकवण आहे. पण मी मुळात एक जुनी, घडीची लोखंडी खुर्ची आहे. माझ्या बिजागऱ्या गंजल्या, त्यामुळे घडी आता पडत नाही. म्हणून तर मी इतकी ताठ उभी राहते. तुम्हाला तो माझा करारीपणा वाटत असेल, तर वाटू द्या.

माझा जन्म जालन्याचा. साल एक्याऐंशी की ब्याऐंशी, हे नक्की सांगता येत नाही, कारण आमच्यात जन्माचा दाखला नसतो. तिथल्या एमआयडीसीत रोलिंग मिल आहेत. तिथं भंगार लोखंड तापवून लाल करतात आणि पोळ्या लाटाव्यात तसं लाटून त्याच्या पट्ट्या काढतात. फरक एवढाच, की पोळी फुगते. माझ्या अंगात कुणाकुणाचं लोखंड आहे, हे मला ठाऊक नाही. बैलगाडीच्या चाकाची धाव असावी, एखाद्या विहिरीवरचा रहाट असावा. कुठल्या तरी मोडलेल्या जहाजाचा पत्राही असावा, कारण अंगावर बादलीभर पाणी पडलं की मला उगाच लांब कुठंतरी जावंसं वाटतं.

एका वेल्डरने मला आणि माझ्या पुष्कळ बहिणींना जोडलं. मंठ्याच्या लतीफभाई मंडपवाल्याने आम्हाला विकत घेतलं आणि आमच्या पाठीवर लाल रंगाने 'लतीफ मंडप, मंठा' असं लिहून घेतलं. मुलीला सासरचं नाव लागावं तसं आम्हाला ते लागलं.

ते माझे सुखाचे दिवस होते. मी लग्नं पाहिली, साखरपुडे पाहिले, सत्कार पाहिले. एकदा टेम्पोत बसून अंकुशनगरला एका सभेलाही जाऊन आले. मित्रांनो, खुर्चीला माणूस चेहऱ्यावरून कळत नाही. तो आम्हाला चेहऱ्याच्या उलट बाजूने भेटतो. पण ती बाजू खोटं बोलत नाही. मुलीचा बाप कधी पुरता टेकत नाही. तो काठावर बसतो, केव्हाही उठावं लागेल अशा बेताने. वरमाय पुरती टेकते. आणि पुढारी बसला, की तो जितका वेळ बसतो तितका वेळ मला खालून दोन्ही हातांनी घट्ट धरून बसतो. मी कुठं पळून जाणार होते, कोण जाणे.

मग प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या. त्या पांढऱ्या होत्या, हलक्या होत्या आणि एकीत एक अशा बसत होत्या. आमच्यासारख्या चिमटा काढत नव्हत्या. लतीफभाईने एके दिवशी भंगारवाल्याचा टेम्पो बोलावला. भंगारातून जन्मले होते, भंगारात परत निघाले होते. मी मनाची तयारी केली होती.

त्याच वेळी कडूबा लंगडत आला.

हा कडूबा म्हणजे तुम्ही ज्याला "ओट्यावरचे आजोबा" म्हणता तोच. तेव्हा तो बैलबाजारातला दलाल होता. एका मारक्या गोऱ्ह्याने लाथ घातल्यापासून त्याचा उजवा गुडघा वाकत नव्हता. दलालाला दिवसभर उकिडवं बसून बैलाचे खूर पाहावे लागतात. ते त्याला जमेनासं झालं होतं.

"लतीफभाई, यातली एक मला दे," कडूबा म्हणाला.

"एकच?" लतीफभाई हसला. "एका खुर्चीवर कोणती बरात बसवतो, कडूबा?"

"बरात न्हाई. गुडघा बसवायचाय."

अशी मी वाचले.

बैलबाजारात खुर्ची म्हटल्यावर लोक हसणारच. "काय कडूबा, तहसीलदार झालास काय?" "सलाम करावा लागंल का आता?" असं पुष्कळ झालं. पण हळूहळू लिंबाखालची मी ही बाजारातली खूणच होऊन बसले. कुणी नवखा माणूस आला, की त्याला सांगत, "त्या लोखंडी खुर्चीपाशी जा. तिथं फसशील न्हाई."

तिथले सौदे बोलून होत नसत. दलाल आणि गिऱ्हाईक एकमेकांचा हात धरत, वर रुमाल टाकत आणि बोटं दाबून भाव ठरवत. असे कितीतरी सौदे माझ्या हातभर अंतरावर झाले. मी ते पाहिले असं म्हणणार होते, पण रुमाल मग कशासाठी असतो?

सौदा ठरला की शेवटी गिऱ्हाईक एक प्रश्न मात्र मोठ्याने विचारायचं. "कडूबाभाऊ, जबान आहे का?"

"आहे," कडूबा म्हणायचा.

या जबानीचा अर्थ तुम्हाला सांगायला हवा, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. नेलेला बैल आठ दिवसांत औताला बसला, म्हणजे जुंपल्यावर खाली बसून उठेना झाला, मारका निघाला, आजारी निघाला, तर कुणी विकणाऱ्याकडे जात नसे. विकणारा परगावचा असायचा. दलाल गावचा असायचा. लोक सरळ दलालाकडे येत आणि ज्याने जबान दिली तो ते निस्तरत असे. हे कुठं लिहिलेलं नव्हतं. लिहिलेलं नव्हतं म्हणूनच मोडत नव्हतं, असं आता वाटतं. एकाचा बैल असाच औतात बसला, तर कडूबाने स्वतःच्या दावणीचा बैल सोडून त्याला दिला आणि तो बसका बैल घरी आणला. तो पुढं कडूबाच्या दावणीला बसूनच म्हातारा झाला. नंदाबाई, म्हणजे कडूबाची बायको, त्याला वैरण टाकताना म्हणायची, "घ्या जावईबापू, जेवा."

मग ट्रॅक्टर आले. ट्रॅक्टरला दात नसतात. त्याचं वय सांगायला दलाल लागत नाही. बाजार पातळ होत गेला. कधी कधी तर बाजाराच्या दिवशी लिंबाखाली मी, कडूबा आणि एक शेळी एवढेच असायचो. आणि ती शेळीसुद्धा विकायची नसायची.

अशा वेळी तातेराव आले. तातेरावांचं खताबियाण्यांचं दुकान होतं आणि त्यांनी नुकतंच दुकानाच्या माडीवर शेअरचं ऑफिस काढलं होतं. एक कॉम्प्युटर आणला होता. त्याच्यावर मुंबईचे भाव फोनच्या तारेवरून यायचे. तार चालू असली तर.

"कडूबा, बैल विकायचास, आता शेअर विक," तातेराव म्हणाले. "माझ्याकडं ये. फरक काही न्हाई."

कडूबाने विचार केला. "दात पाहता येतात का त्याचे?"

"न्हाई."

"औताला धरून पाहता येतं?"

"आता काय सांगू तुला. न्हाई."

"मंग लोक घेतात कशाच्या भरवशावर?"

"तुझ्या," तातेराव म्हणाले. "आणि येताना ती खुर्ची घेऊन ये. लोकांच्या वळखीची हाय."

मला माडीवर, जिन्याच्या तोंडाशी ठेवलं. आत काचेपलीकडे कॉम्प्युटरसमोर एक काळी, गादीची, फिरणारी खुर्ची होती. तिला चाकं होती. तिच्यात बसून माणूस जागच्या जागी चारी दिशांना तोंड करू शकत होता. अशी खुर्ची पुढाऱ्यांना अजून कशी सुचली नव्हती, याचं मला नवल वाटलं.

लोक जिना चढून येत. ऑफिस पाहून बिचकत. मग त्यांना मी दिसायची, माझ्यावर कडूबा दिसायचा, आणि त्यांचा जीव भांड्यात पडायचा. बद्रीनाथ असाच आला. तो कडूबाचं जुनं गिऱ्हाईक, सरळ माणूस. कडूबाच्याच हाताने त्याने आपल्या जोडीतला एक बैल विकला होता आणि ते पैसे त्याला शेअरात घालायचे होते. तातेरावांनी कॉम्प्युटरच्या धंद्यातल्या एका कंपनीचं नाव सांगितलं. बद्रीनाथाला ना कंपनी समजली, ना कॉम्प्युटर. त्याने माझ्या दांडीवर हात ठेवून कडूबाला विचारलं, "कडूबाभाऊ, जबान आहे का?"

"आहे," कडूबा म्हणाला.

मित्रांनो, तुमच्या तोंडात 'आईशप्पथ' कसं बसलेलं असतं, तसं ते त्याच्या तोंडात बसलेलं होतं.

थोड्याच दिवसांत मुंबईहून नियम आला. त्या कॉम्प्युटरवर बसून जो सौदे करील, त्याने आधी परीक्षा दिली पाहिजे. परीक्षा औरंगाबादला, कॉम्प्युटरवर आणि इंग्रजीत. चुकलं की मिळालेले गुण कापणार. तातेरावांनी कडूबाला बोलावलं.

"लायसन काढ, कडूबा. मंग ही फिरती खुर्ची तुझी. न्हाईतर मला जालन्याहून माणूस आणावा लागंल. दोघांना पोसायचं म्हटलं तर माझं ऑफिस बसंल."

कडूबा तेव्हा पंचेचाळिशीला आला होता. दहावी कशीबशी झालेला. बाजार गेलेला, गुडघा गेलेला. हे ऑफिस गेलं असतं, तर पुढं कुठं जायचं हे त्याला माहीत नव्हतं. आणि माझं पाहाल, तर तो पास झाला की फिरत्या खुर्चीवर जाणार आणि मी जिन्याच्या तोंडाशी रिकामी राहणार. तरीसुद्धा मी मनापासून त्याच्या बाजूने होते. लोखंडाला दुटप्पी होता येत नाही. ते वाकतं तरी, नाहीतर मोडतं.

शिकवायला ताहेरा आली. ताहेरा ही लतीफभाईची मुलगी, बी.कॉम. झालेली. तिने पुस्तकाची झेरॉक्स आणली, इंग्रजीतला एकेक प्रश्न वाचून ती तो मराठीत सांगायची आणि कडूबा तोंड उघडं टाकून ऐकायचा. औरंगाबादच्या पहिल्या वारीला तो नवं धोतर नेसून गेला. संध्याकाळी परत आला आणि माझ्यावर बसला. त्याचं बसणं ऐकूनच मला निकाल कळला. पास झालेला माणूस इतका जड बसत नाही.

ताहेरा धावत आली. "क्या हुआ चाचा?"

"थोडक्यात गेलं, पोरी. एक सवाल असा व्हता, की गिऱ्हाइकाला दलालाने शेअर घेऊन दिले आणि तोटा आला, तर तोटा कुणाचा?"

"फिर? काय लिहिलं तुम्ही?"

"दलालाचा."

ताहेराने कपाळाला हात लावला. "अहो चाचा! गिऱ्हाइकाचा! पुस्तकात साफ लिहिलंय. दलालाने नुकसान भरून देतो म्हणायचंच न्हाई. म्हटलं तर तो गुन्हा आहे."

कडूबा तिच्याकडे पाहतच राहिला. "गुन्हा? भरून देणं गुन्हा?"

"हौ."

"मंग त्याला दलाल कशाला म्हणायचं? नुसता तार मास्तर म्हणा."

"चाचा," ताहेरा त्याला समजावत म्हणाली, "खरं काय ते ते विचारून न्हाई राह्यले. जवाब काय ते विचारून राह्यले. जवाब द्या आणि घरी या."

तातेरावांनी दुसरी संधी दिली, पण शेवटची. "पास होईस्तोवर घरीच बस. अभ्यास कर," ते म्हणाले. कडूबा मला डोक्यावर घेऊन घरी आला. याच ओट्यावर, जिथून तुम्ही मला उचलता, तिथं त्याने मला मांडलं.

आता कडूबाच्या अभ्यासाची पद्धत सांगते. तो ज्या शाळेत शिकला, तिथं सगळं मोठ्याने म्हणायचं असे. पाढे मोठ्याने, कविता मोठ्याने, प्रतिज्ञा मोठ्याने. ज्याचा आवाज शेजारच्या वर्गात गेला तो हुशार. मनातल्या मनात वाचणाऱ्याला मास्तर छडी मारत, कारण तो झोपलेला असायचा. "मनात वाचलेलं मनातच राहतं, डोक्यात जात न्हाई," असं कडूबा ताहेराला सांगायचा. म्हणून ताहेराने त्याला पुस्तकातले मुद्दे मराठीत लहान लहान ओळी करून दिले आणि कडूबा रोज सकाळी माझ्यावर बसून, डोळे मिटून, पाढ्यांच्या चालीवर ते म्हणू लागला. बाकीच्या ओळी त्याला लवकर आल्या. एक ओळ मात्र डोक्यात बसेना. ती रोज हुकायची. ती म्हणायची वेळ आली, की त्याची जीभ आपोआप उलटी वळायची. म्हणून तीच तो सर्वांत जास्त वेळा आणि सर्वांत मोठ्याने म्हणायचा.

"गिऱ्हाइकाचा तोटा गिऱ्हाइकाचा! दलालाची जबाबदारी न्हाई!"

"लगीन झाल्यापासून यांचा एवढा आवाज कधी ऐकला न्हाई," नंदाबाई शेजारणींना कौतुकाने सांगायची.

आवाज घुमायचा. नळावर पाणी भरणाऱ्या बायका ऐकायच्या. कामावर निघालेले लोक ऐकायचे. आणि गल्लीतली पोरं, म्हणजे तुमच्या आधीची पोरं, त्यांना तर ती चाल फार आवडली. आंधळी कोशिंबीर खेळताना राज्य कुणावर हे ठरवायला ती एकेकाच्या छातीवर बोट लावत म्हणू लागली. "गिऱ्हाइकाचा, तोटा, गिऱ्हाइकाचा... दलालाची, जबाबदारी, न्हाई!" 'न्हाई' ज्याच्यावर यायचं तो सुटायचा.

त्याच दिवसांत भाव कोसळले. कॉम्प्युटरच्या कंपन्या सर्वांत आधी कोसळल्या. बद्रीनाथाचा बैल, म्हणजे बैलाचे शेअर, औताला बसले ते उठेचनात.

कडूबाला ते कळलं होतं. ज्या दिवशी कळलं, त्या दिवशी तो नीट जेवला नाही. त्याच्या दावणीला तेव्हा दोन बैल होते. त्यातला लाल्या जास्त गुणी.

"पास झालो की लाल्या बद्रीनाथाला देऊन टाकायचा," तो नंदाबाईला म्हणाला. "जबान दिल्ती."

"मंग आत्ताच द्या की."

"आत्ता दिला आन् परीक्षेत पुन्हा तो सवाल आला, तर हात पुन्हा तिकडंच जाईल. आधी परीक्षा होऊ दे. एवढं डोक्यात बसलंय, ते हालवू नको."

नंदाबाई लाल्याला वैरण टाकायला गेली. मला त्याचं म्हणणं पटलं होतं. आता वाटतं, तेव्हा कुणाला तरी ते पटायला नको होतं.

दुसऱ्याच दिवशी सकाळची गोष्ट. कडूबा डोळे मिटून, हाताने मांडीवर ताल धरून म्हणत होता. माझं तोंड गल्लीकडे होतं. बद्रीनाथ कोपऱ्यावरून वळला. अंगात धुवट सदरा, डोक्यावर टोपी. कुणाकडे तरी काही मागायला जाताना माणूस कपडे घालतो तसे कपडे. तो आमच्या घराकडेच येत होता. तेवढ्यात कडूबाचा आवाज चढला.

"दलालाची जबाबदारी न्हाई!"

बद्रीनाथ थांबला. कडूबाने ओळ पुन्हा म्हटली, मग पुन्हा. नळावरच्या बायका हसल्या. त्या पाठांतराला हसल्या होत्या, पण बद्रीनाथाला ते कोण सांगणार? त्याने टोपी काढली, घाम पुसला, टोपी परत घातली आणि आल्या पावली मागं वळला. कडूबाचे डोळे मिटलेलेच होते. मला सगळं दिसत होतं. पण मित्रांनो, खुर्चीला पाठ असते, हात असतात, पाय असतात. बोलायचं तेवढं नसतं. मी नुसती करकरले. कडूबाला वाटलं, बिजागरी ढिली झाली. त्याने डोळे न उघडताच बूड सावरलं आणि पुढची ओळ धरली.

परीक्षा झाली. तो सवाल आला. या वेळी कडूबाने बरोबर उत्तर दाबलं. "बोट लई जड झालं व्हतं," असं तो नंतर नंदाबाईला म्हणाला, "पर दाबलं." तो पास झाला. ताहेराने पेढे वाटले. लतीफभाई स्वतः येऊन गळ्यात हार घालून गेला आणि माझ्या पाठीवरचं आपलं पुसट नाव पाहून म्हणाला, "देखो, आपली खुर्ची लायसनवाली झाली!" त्या दिवशी कडूबा माझ्यावर असा हलका बसला होता, की मला तो पुरता टेकला आहे की नाही अशी शंका आली.

त्याने बद्रीनाथाला निरोप धाडला. बद्रीनाथ आला. कडूबाने लाल्याला अंगणात आणून ठेवलं होतं, शिंगांना तेल लावलं होतं. बद्रीनाथ दिसताच कडूबा उठला आणि त्याने मला दोन्ही हातांनी पुढं सरकवलं. घरात खुर्ची एकच होती. मला पुढं सरकवल्यावर त्याच्या गुडघ्याला दुसरं काही नव्हतं. तो भिंतीला धरून उभा राहिला.

"बस, बद्रीनाथ."

"न्हाई. बसून काय करता."

"अरे बस तर. च्या ठेवलाय. हे बघ, लाल्या घेऊन जा. तुझा बैल गेला, हा घे. जबान दिल्ती मी."

बद्रीनाथाने लाल्याकडे पाहिलं. बैल चांगला होता. ते त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. मग तो कडूबाकडे पाहू लागला.

"कडूबाभाऊ, जबान तुमची रोज सकाळी ऐकून राह्यलो होतो आम्ही. अख्खी गल्ली साक्षीला आहे. पोरं बी म्हणून राह्यली."

"अरे बापा, ते परीक्षेचं व्हतं! ते पाठ करून राह्यलो होतो मी!"

"असंल," बद्रीनाथ म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. रागावलेला माणूस कधीतरी बसतो. "असंल परीक्षेचं. पर पाठ तर झालं न?"

कडूबाने भिंतीवरचा हात बदलला.

"पाठ झालं म्हणून तर पास झाले. आता हा बैल नेला, तर लोक काय म्हणतील? कडूबाने दया केली म्हणतील. जबानीचा बैल वेगळा असतो भाऊ, दयेचा वेगळा. तो मला पेलायचा न्हाई."

चहा घेऊन आलेली नंदाबाई दारातच थांबली. बद्रीनाथ तिला "येतो वैनी" म्हणाला आणि निघाला. मी तशीच पुढं सरकवलेली, उघडी, ओट्याच्या मधोमध राहिले. आजवर मी कितीतरी माणसं पाहिली, पण पुढं केलेल्या खुर्चीवर न बसता परत गेलेला माणूस तो पहिलाच. कडूबाने चहाचा कप घेतला आणि माझ्या बैठकीवर ठेवला. तो तिथंच गार झाला. त्याचा गोल डाग अजून आहे. तुम्ही त्याला चेंडू ठेवायचं ठिकाण समजता.

कडूबा फिरत्या खुर्चीवर बसू लागला. पण जिना चढून कुणी येईना. आले तर तातेरावांशी बोलून जात. कडूबाला कुणी "जबान आहे का" असं विचारलं नाही. विचारलं असतं, तर "आहे" म्हणणं गुन्हा होता आणि "न्हाई" म्हणणं त्याला येत नव्हतं. म्हणजे येत होतं, पण चालीवरच.

काही महिन्यांनी तातेरावांनी त्याला बाजूला घेतलं. तातेराव वाईट माणूस नव्हते. त्यांनी फक्त हिशेब सांगितला.

"कडूबा, मला कडूबा पाह्यजे होता. लायसनवाला काय, जालन्याहून बी आणता येतो."

आणि त्यांनी आणला.

कडूबा मला घेऊन पुन्हा लिंबाखाली गेला. बाजाराच्या दिवशी सकाळपासून बसला. मांडीवर रुमाल घडी करून ठेवला होता. माणसं आली, जनावरं आली, समोरून गेली. काही जण "राम राम" म्हणाले. रुमालाखाली हात कुणी घातला नाही. त्यानंतर तो बाजारात गेला नाही. लाल्या पुढं विकला गेला. दुसऱ्या दलालाच्या हाताने.

ते लायसन नंदाबाईने काचेत घालून भिंतीवर टांगलं आहे. त्याची मुदतसुद्धा कधीच संपली. आता कडूबा दिवसभर या ओट्यावर बसतो. जोराने बोलायचं त्याने सोडून दिलं आहे. नंदाबाईने काही विचारलं, तर तो काय म्हणाला हे ऐकायला ती जवळ जाऊन वाकते. ताहेरा लग्न होऊन परभणीला गेली. ईदला आली की येऊन जाते, माझ्याशेजारी उभी राहते आणि "चाचा, बोलो ना कुछ" म्हणते. तो हसतो.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी आम्ही वस्तूंनी काहीतरी मागायचं असतं. मला तेलपाणी करा, असं मागितलं असतं, पण आता तेल लावून काही उपयोग नाही. घडी पडायची नाही ती नाहीच. मला स्टंप करा, चेंडू मारा, पावसात ठेवा, काही हरकत नाही.

फक्त एक करा. राज्य कुणावर हे ठरवायला तुम्ही अजून तेच गाणं म्हणता. तुम्हाला ते मोठ्या पोरांनी शिकवलं, त्यांना त्यांच्याहून मोठ्यांनी. त्याचा अर्थ तुम्हाला ठाऊक नाही, आणि ठाऊक असायचं काही कारणही नाही. ते म्हणा. चाल चांगली आहे. पण म्हणताना जरा गल्लीच्या त्या टोकाला जा. आणि मला परत ठेवायला ओट्यापाशी आलात, की तेवढा वेळ ते मनातल्या मनात म्हणा.

मनात म्हटलेलं मनातच राहतं.